नारळ गेला नाही त्या वर्षी

आमच्या नदीला नाव नाही. गावात तिला नुसतं नदी म्हणतात. आमच्या गावापासून वीसेक किलोमीटर खाली जाऊन ती वाशिष्ठीला मिळते आणि तिथून पुढे तिचं पाणी वाशिष्ठीचं म्हणून मिरवतं. चिपळूणला पाणी चढलं की लोक पुलावर उभे राहतात, मोबाइल वर करून फोटो काढतात आणि म्हणतात, वाशिष्ठी भरली. ती कुणाच्या पाण्याने भरली हे कोणी विचारत नाही. डोंगरातल्या आमच्यासारख्या पाच-पन्नास बिननावाच्या नद्या तिच्यात रिकाम्या होतात, त्यांची बातमी होत नाही. मला याचा राग येतो. राग येणं हा तसा माझा जुना उद्योग आहे. शासकीय कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालो, तोवर हा उद्योग चांगला मुरला होता. त्याच रागापायी माझ्या वहिनीचा मळा गेला. तीच हकिगत लिहितो आहे. लिहून माझं मन हलकं होईल असं जर कोणाला वाटत असेल, तर तसं काही होणार नाही.

गावात सह्याद्रीच्या अंगावरून दोन पऱ्ये उतरतात. पऱ्या म्हणजे डोंगराचा ओढा. जांभळीचा पऱ्या देवाच्या राईतून येतो आणि त्याचं पाणी चैत्रातसुद्धा हाताला गार लागतं. वाघबिळीचा पऱ्या उघड्या डोंगरावरून येतो. त्याला कसलाच धीर नाही. तासाभरात चढतो, तासाभरात उतरतो. हल्ली वर रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, तेव्हापासून पावसात तो लाल गढूळ येतो आणि सोबत झाडांची खोडं न् धोंडे घेऊन येतो. वरच्या वाडीपाशी हे दोघे एकमेकांना मिळतात आणि तिथून पुढे त्यांना नदी म्हणायचं. आमची खालची वाडी तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर. मधल्या टापूत सगळी शेती, आणि त्या शेतीच्या वरच्या टोकाला, नदीच्या अगदी काठाशी, वहिनीचा मळा.

पूर्वी भात कापून झालं की दोन्ही वाड्या नदीवर आपापला बांध घालायच्या. घरटी एक माणूस. खुंट ठोकायचे, त्यांना पाला न् पेंढा गुंतवायचा, वर चिखल आणि दगड. त्या अडवलेल्या पाण्यावर भाजीपाला व्हायचा, कोणाचं वायंगणी म्हणजे उन्हाळी भात व्हायचं, गुरांना पाणी व्हायचं. बांध घालताना भांडणं ठरलेलीच असत. कोणाचा माणूस आला नाही, कोणाच्या माणसाने नुसत्या विड्या ओढल्या, असलं काहीबाही. पण आगोटीला, मिरगाच्या आधी, हे बांध फोडायचे असत आणि फोडण्याची मात्र एक पक्की रीत होती. आधी खालचा फोडायचा, मग वरचा. वरच्यांनी आधी फोडला तर त्यांचे खुंट आणि गाळ वाहत येऊन खालच्या बांधाला तुंबणार, आणि मग पहिल्याच पुराला नदी काठ सोडून शेतात शिरणार. म्हणून खालचा बांध मोकळा झाला की आमच्या वाडीचा एक माणूस नारळ घेऊन वर जायचा. "खालचं मोकळं झालं," एवढंच सांगायचा. वरच्या वाडीतला वडीलधारा माणूस तो नारळ बांधावर फोडायचा, खोबरं सगळ्यांना वाटायचा आणि पहिला खुंट उपटायचा.

खरं पाहिलं तर तो निरोप होता. पण आमच्याकडे निरोपाचा मान व्हायला किती वेळ लागतो? तो नारळ न्यायचा मान आमच्या घराकडे होता. वडिलांनी नेला, त्यांच्यामागे थोरल्या भावाने नेला, आणि चार वर्षांपूर्वी भाऊ अचानक गेला तेव्हापासून तो माझ्याकडे आला.

वहिनी गुहागरकडची. तिचा बाप दुसऱ्यांच्या बागांत पोफळींवर चढून सुपारी उतरवायचा. त्या बागांत लहानाची मोठी झाली, पण त्यातलं एक झाड तिच्या घरचं नव्हतं. आमच्या घरी आली तेव्हा आमची नदीकाठची पट्टी म्हणजे नुसते गोटे होते. भावाने तिला सांगितलं होतं, इथे काही होणार नाही. तिने ऐकलं नाही. उन्हाळ्यात वरच्या मळीतली माती घमेल्यातून खाली आणायची, पसरायची, तिच्यावर पाला कुजवायचा, पुन्हा माती. असं एक वर्ष नाही, दहा-बारा वर्षं. मी सुट्टीला आलो की गंमत करायचो, "वहिनी, डोंगर खाली आणताय की काय?" ती हसायची आणि घमेलं उचलायची. मग त्या मातीत तिने गुहागरहून आणलेली पोफळीची रोपं लावली. तीस वर्षांत साठ पोफळी झाल्या, त्यांच्यावर मिरीचे वेल चढले, खाली वांगी, मुळा, लाल माठ. भाऊ गेल्यावर तिच्या मुलाने तिला मुंबईला नेलं, दिव्याला, त्याच्या खोलीवर. महिन्याभरात परत आली. म्हणाली, तिथं नळाला पाणी येतं तेव्हा जागं असायचं आणि बाकीचा वेळ बसून राहायचं, मला जमायचं नाही. मळा होता म्हणून ती गावात होती. मळा सोडला तर तिला तिथे राहायला काही कारणच नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

भाऊ असतानाच वरच्या वाडीत सिमेंटचा बंधारा आला. सरकारी साहेबांनी जागा निवडली ती दोन्ही पऱ्ये मिळतात त्याच्या जरा खाली. दोघांचं पाणी एकाच ठिकाणी अडतं म्हणून साहेब खूश. माझे वडील असते तर त्यांनी साहेबांच्या तोंडावर सांगितलं असतं की दोन पऱ्ये जिथे एकमेकांवर आदळतात तिथे नदीच्या वाटेत उभं राहायचं नसतं. पण वडील नव्हते आणि भाऊ मितभाषी. बंधाऱ्याला सहा गाळे, प्रत्येक गाळ्यात एकावर एक लोखंडी फळ्या. दसऱ्यानंतर फळ्या घालायच्या, पावसाआधी काढायच्या. एक फळी काढायला चार माणसं लागतात. त्याची एक समिती झाली, वरच्या वाडीतला एक माणूस तिचा अध्यक्ष झाला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. तोंडाने गोड, खिशाला दोन पेनं.

त्याच सुमारास आमच्या वाडीत नळ आले. नळ आले तसा आमचा बांध बंद पडला. खुंट तोडायला माणसं होती कुठे? सगळे बोरिवली, विरार, दिवा. गणपतीला येतात, आरत्या घोटतात, परत जातात. आमचा बांध राहिला नाही, तरी भाऊ नारळ नेत राहिला. मी एकदा त्याला म्हणालो होतो, बांधच नाही तर मोकळं झालं म्हणून काय सांगतोस? तो म्हणाला, जाऊन येतो, भेट होते. मला ते भाबडेपणाचं वाटलं होतं.

माझी पहिली दोन वर्षं ठीक गेली. चिपळूणच्या बाजारात नारळ घ्यायचा, एसटीने गावात यायचं, वहिनीकडे चहा प्यायचा, उन्हातून वर जायचं, नारळ द्यायचा. मी हे करताना कुरकुरत असे, पण मान आपल्याकडे आहे हे आत कुठेतरी सुखावत असे. तिसऱ्या वर्षी वर पोचलो तर फळ्या आधीच काढून समाजमंदिराच्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. अध्यक्ष पडवीत मोबाइलवर बोलत होता. त्याने हाताने बसायची खूण केली. मी बसलो. चांगला अर्धा तास बसलो. मग तो म्हणाला, "काका, दमलात काय? फळ्या आमी सकाळीच काढल्या. पोरं संध्याकाळच्या गाडीनं मुंबैला जायची होती, मग माणसं कुठनं आणायची?" आणि माझ्या हातातला नारळ घेऊन आत बायकोला हाक मारली, "ह्यो घे गो, वाटणात घाल."

पडवीतली दोन-चार माणसं हसली. तीही वाईट मनाने हसली नसतील. पण माझ्या कानशिलाची शीर तडतडली. बापजाद्यांचा मान, आणि म्हणे वाटणात घाल! मी तिथेच उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "पुढल्या वर्षीपासून नारळ यायचा नाही. तुमची नदी, तुमच्या फळ्या, तुमचं तुम्ही बघा."

"अवो काका, मस्करी केली," तो मागून म्हणाला. मी मागे वळून पाहिलं नाही.

वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. म्हणाली, "घातलान वाटणात तर घातलान. फळ्या निघाल्या ना?"

"वहिनी, प्रश्न फळ्यांचा नाही," मी म्हणालो.

"मग कसला हाय?" तिने विचारलं. बायकांना मानापानातलं काय कळतं, असं काहीतरी मनात म्हटलं असणार. आता आठवून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या वर्षी वैशाख संपत आला तसा वहिनीचा फोन आला. "भावोजी, नारळ कंदी आणताय?"

"आणणार नाही. सांगितलंय मी त्यांना."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

आठवड्याने पुन्हा फोन. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. ती वर जाऊन आली होती. "फळ्या अजून तशाच हायत. मी इचारलं, तर अध्यक्ष बोल्लान, गेल्या साली आमी आदी काढल्या तर तुमचे भावोजी रुसले, चार मानसांत बोलून गेले. औंदा नारळ आल्याबिगर आमी फळीला हात लावनार नाय. रीत ती रीत."

हे ऐकून मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. माझ्या वर्षभराच्या रागावर कोणीतरी गार पाणी ओतलं. म्हणजे त्यांना चूक कळली होती. म्हणजे माझ्यावाचून त्यांचं अडलं होतं. मी मनातल्या मनात पुढचं सगळं रचूनही टाकलं. अध्यक्ष चिपळूणला माझ्या घरी येईल, सोफ्यावर अवघडून बसेल, म्हणेल, काका, झालं गेलं विसरा. मी थोडे आढेवेढे घेईन. बायको पोहे करील. मग मी जाईन.

"बोलावू देत की मला," मी वहिनीला म्हणालो. "एक फोन करायला त्यांचे हात मोडलेत काय?"

"ते बोलतात, आमी कशाला बोलवायचं? मान त्यांचा हाय, त्यांनी यावं."

"मग बसू देत."

"भावोजी," ती म्हणाली, "तुमी दोगंबी बसा. पन माझा मळा मदी हाय."

एवढं स्वच्छ तिने सांगितलं होतं. मी म्हणालो, बघतो.

खरी गंमत तर पुढेच आहे, जर तिला गंमत म्हणायचं असेल. वरच्या वाडीने मला चिडवायला फळ्या ठेवल्या नव्हत्या. मी जे मागितलं तेच ते देत होते. आणि मी नारळ नेत नव्हतो, तो ते आधी मला बोलावतील असं मी गृहीत धरलं होतं म्हणून. दोन्हीकडची शहाणी माणसं एकमेकांचा मान राखत हात बांधून बसली होती, आणि मान राखता राखता रोहिणी नक्षत्र संपलं.

तिसरा फोन मिरग लागायच्या दिवशीचा. वर डोंगरात ढग उतरले होते. वहिनी म्हणाली, "तुमाला सवड नसंल तर मीच जाते नारळ घेऊन. त्यात काय मोठं? सांगायचं तेवढं सांगते, नि त्यांना फळ्या काढायला लावते."

हा माणूस, जो आयुष्यभर या असल्या रीतींवर नाक मुरडत आला, ज्याने सख्ख्या भावाला भाबडा ठरवलं, तो त्या क्षणी काय म्हणाला? तो म्हणाला, "वहिनी, बाईमाणसानं न्यायचा नसतो. त्यातून तुम्ही..."

पुढचा शब्द मी बोललो नाही. पण तिला तो ऐकू गेला.

"रविवारी येतो मी," मी घाईने म्हणालो. "नक्की येतो. नारळ आणून ठेवलाय." हे खोटं होतं. नारळ आणलेला नव्हता.

त्या दिवशी बुधवार होता. गुरुवारी पाऊस धरला, आणि शुक्रवारी त्याने डोंगरात हात सैल सोडला. चिपळूणमध्ये त्या दिवशी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. एकदा बाजारपेठ पाण्यात गेलेली पाहिली की माणसं पुन्हा कधी सरळ झोपत नाहीत. दुकानदार माल माळ्यावर चढवत होते, गाड्या उंचावर नेऊन लावत होते. मीही माझी स्कूटर चढावर नेऊन ठेवली. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, तिथे काही भीती नव्हती, तरी मी दर तासाला छत्री घेऊन पाणी बघायला जात होतो. दुपारी चारच्या सुमारास पाणी उतरायला लागलं. पुलापाशी जमलेली माणसं एकदम हसायला, बोलायला लागली. कोणीतरी म्हणालं, वाचलो रे बाबा. टपरीवर आम्ही सात-आठ जणांनी चहा घेतला, मी वडापावही खाल्ला. हातात तो वडापाव असतानाच फोन वाजला.

"भावोजी, मळ्यात नदी आली."

मागे पाण्याचा असा आवाज होता की तिचं बोलणं तुटत होतं. ती रडत नव्हती. "किती आलीय?" मी विचारलं. कारकुनाच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"किती म्हंजे? नदीच आली," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता सुरू झाल्यावर पोचलो. काय झालं होतं ते बंधाऱ्यापाशी उभं राहिल्यावर लहान पोरालाही समजलं असतं. वाघबिळीचा पऱ्या आपली खोडं आणि धोंडे घेऊन आला, ते सगळं त्या फळ्यांवर बसलं. वरची माणसं दोर घेऊन धावली होती, पण पाण्याचा दाब एवढा की फळी तसूभर हलेना. मग नदीने बंधाऱ्याचा नाद सोडला आणि आमच्या बाजूचा मातीचा काठ धरला. काठ कापला गेला, आणि तिथून सरळ रेषेत पहिली जागा लागली ती मळ्याची.

मळ्यात गोटे होते. पांढरे, धुतलेले गोटे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीस वर्षांपूर्वी तिला जे दाखवून भावाने सांगितलं होतं की इथे काही होणार नाही, अगदी तेच. माती नावाला उरली नव्हती. साठातल्या अकरा पोफळी उभ्या होत्या, त्याही मुळं उघडी पडून कलंडलेल्या. मिरीचे वेल चिखलात गुंडाळून पडले होते. वहिनी पातळ खोचून त्या गोट्यांतून फिरत होती आणि मधूनच वाकून काहीतरी उचलून पाहत होती. मला पाहून थांबली नाही.

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर फोटो फिरले होते. मुंबईतल्या कोणा विद्वानाने खाली लिहिलं होतं, नदीने आपली जागा परत घेतली. त्याखाली जोडलेले हात, हातांखाली आणखी हात. कसली नदीची जागा! ती जागा वहिनीने घमेल्या-घमेल्याने केली होती, आणि ती नदीने घेतली नव्हती. ती मी आणि वरच्या वाडीने मिळून दिली होती.

अध्यक्ष काठावर उभा होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं. मी जवळ गेलो तसा म्हणाला, "काका, आमी तुमची वाट बगत होतो."

मी काय काय बोलायचं ठरवून आलो होतो! एसटीत दोन तास जुळवत आलो होतो. त्यातलं एकही वाक्य तोंडातून येईना. शेवटी म्हणालो, "अक्कल नाही? पाऊस दिसत नव्हता तुम्हाला?"

"तुमीच चार मानसांत बोल्लात, तुमचं तुमी बगा म्हनून. मंग आमी बोल्लो, आता त्यांचा मान ठेवू. मान ठेवला त्याचं ह्ये असं."

"एक फोन करता आला नाही?"

"तुमाला आला?"

आणि आम्ही तिथे, त्या गोट्यांच्या काठावर, भांडायला लागलो. आवाज चढले. त्याच्या वाडीची माणसं त्याच्यामागे, माझ्यामागे कोणी नाही, कारण आमच्या वाडीत भांडायलाही माणसं उरलेली नाहीत. कोणाचा मान मोठा, कोण आधी बोललं, कोणी कोणाच्या नारळाचं काय केलं. मळा गेलेली बाई वीस पावलांवर उभी, आणि आम्ही मागच्या वर्षीच्या वाटणावर भांडतोय.

"तुमचं झालं की सांगा," वहिनी मोठ्याने म्हणाली. "ही पोफळ इहिरीवर आडवी पडल्याय. मला एकटीला उचलत नाय."

मी एका टोकाला धरलं, अध्यक्षाने दुसऱ्या. खोड भिजून जड झालं होतं. आम्ही ते बाजूला नेऊन ठेवलं, तो हात झटकत वर निघून गेला आणि मी तिथेच उभा राहिलो.

चौथ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आला. तरुण पोरगा, देशावरचा, बूट हातात घेऊन गोट्यांवरून चालत होता. पंच म्हणून मी आणि वरचा अध्यक्ष. वहिनी उंबऱ्यात. तलाठ्याला कळलं की मी कचेरीत होतो, तसा त्याने कागद माझ्याच पुढे केला. "काका, तुमचं अक्षर चांगलं असणार, तुम्हीच लिहा की."

मी लिहायला बसलो. क्षेत्र लिहिलं, झाडं लिहिली. मग कारण लिहायची जागा आली. त्या चार दिवसांत मी एक गोष्ट ठरवली होती. खरं सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं की मी गेलो नाही म्हणून फळ्या राहिल्या आणि फळ्या राहिल्या म्हणून मळा गेला. मला वाटत होतं, तसं केलं तर मला जरा बरं वाटेल, आणि वहिनी निदान एकदा माझ्याकडे बघेल. मी पेन उचललं आणि म्हणालो, "बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर..."

"पाऊस लय झाला," वहिनी मध्येच म्हणाली. तिचा आवाज एकदम सरळ होता. "पाऊस लय झाला, नदी चढली नि मळा गेला. एवढंच लिवा."

अध्यक्षाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती तलाठ्याकडे बघत होती.

मी लिहिलं. अतिवृष्टीमुळे नदीस पूर येऊन. तीस वर्षं असली वाक्यं लिहिली, हात आपोआप चालला. "वाचून दावा," ती म्हणाली. मी वाचून दाखवलं. "बराबर हाय. करा सही." मी सही केली, अध्यक्षाने केली, तिने अंगठा नाही, सही केली, भावाने शिकवलेली. तलाठी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेला. अध्यक्ष त्याच्याबरोबर गेला, जाताना वहिनीला नमस्कार केला त्याने, वाकून.

ओटीवर आम्ही दोघेच उरलो. वहिनीने चहा आणून दिला आणि खांबाला टेकून बसली. मला वाटलं तिने मला चार माणसांत वाचवलं. इतकं झाल्यावरही घरच्या माणसाचं नाव तिने कागदावर येऊ दिलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मी हे विसरणार नाही."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखर नवल वाटलेलं दिसलं.

"तुमच्यासाठी नाय बोल्लंव मी," ती म्हणाली. "सकाळी मीच तलाठ्याला इचारलं होतं. तो बोल्लान, मानसाची चूक लिवली तर भरपाई मिळायची नाय, नदीचं लिवा. नायतर घेतलंच असतं तुमचं नाव."

मग तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला, विसळला आणि आत पालथा घातला.